बाकाबाईला काय वाटलं असेल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. दोन अवाढव्य स्त्रीमूर्ती, त्यांच्याबरोबर बडगे म्हणजे पुरुषी पुतळे, आणि हजारो गळ्यांतून एकच आरोळी: "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" पिवळी मारबत १८८५ पासूनची, जगनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची. काळी तिच्याहून चार वर्षांनी जुनी, १८८१ ची. आणि काळी मारबत म्हणजे बाकाबाई, हे नागपुरात वाढलेल्या पोराला कोणी ना कोणी सांगतंच. नागपूरकर भोसल्यांच्या घरातली राणी, इंग्रजांना फितूर झाली, म्हणून तिची दरवर्षी मिरवणूक काढायची आणि जाळायची. कोणी म्हणतं काळी म्हणजे पूतना. पण पूतना गोकुळातली, बाकाबाई आपल्या नागपुरातल्या महाल भागातली, म्हणून तिची गोष्ट जास्त चालते.

बाकाबाई वारली १८५८ साली. म्हणजे पहिली काळी मारबत निघाली तेव्हा तिला जाऊन २३ वर्षं झाली होती. एवढ्या काळात शहराच्या मनात तिच्याबद्दल काय काय साठत गेलं असेल, हा प्रश्न मला किती तरी वर्षं सोडत नव्हता. मी जी कादंबरी लिहिते आहे, ती तिथूनच सुरू झाली.

तिचं चरित्र थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. रघुजी दुसरे यांच्या राण्यांपैकी ती एक. मार्च १८१६ मध्ये रघुजी गेले. गादीवर आले परसोजी. त्यांना दिसत नव्हतं, शरीर अर्धांगाने गेलेलं. त्यांच्याभोवती बाकाबाईने पहारा उभा केला, आणि तो मोडून कारभार हातात घेतला चुलतभाऊ आप्पासाहेबांनी. त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह झाला. त्यावर सही आप्पासाहेबांची आहे. इंग्रजी फौज नागपूरच्या खर्चाने नागपूरच्या उरावर आणून बसवणारा हा कागद बाकाबाईने केलेला नाही, ही साधी गोष्ट मारबतीच्या गर्दीत कोणाला माहीत नसते. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा खून झाला. नोव्हेंबरात, २६ आणि २७ तारखेला, सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. तह करणारे आप्पासाहेब आता इंग्रजांविरुद्ध उभे होते. अरबांनी धाकटी टेकडी घेतली, काही तास नागपूर वाचेल असं वाटलं, आणि नंतर सगळं हातातून गेलं. १८१८ मध्ये आप्पासाहेब कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात गेले, पुढे देशभर फिरत १८४० साली जोधपुरात वारले.

नागपुरात राहिली ती बाकाबाई. रघुजींच्या मुलीचा मुलगा, लहानगा बाजीबा, रघुजी तिसरे म्हणून गादीवर बसवला गेला. वाड्यातला अधिकार बाकाबाईकडे, राज्याचा कारभार रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेंकिन्सकडे. पुढची पस्तीस वर्षं ती इंग्रजांच्या छायेतल्या त्या वाड्यात जगली. ११ डिसेंबर १८५३ ला रघुजी तिसरे गेले, मुलगा नव्हता, आणि डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. तेव्हा हीच 'फितूर' म्हातारी उभी राहिली. वाड्यातलं सामान हलवाल तर वाडा पेटवून देईन, अशी धमकी तिने दिल्याचं इंग्रज इतिहासकार जॉन के यानेच लिहून ठेवलंय. राण्यांनी दाद मागायला लंडनपर्यंत वकील पाठवले. काही उपयोग झाला नाही. मग आलं १८५७. टाकळीच्या छावणीतल्या घोडदळात आणि शहरात उठावाची तयारी झाली होती, १३ जूनच्या रात्री आकाशात आगीचे फुगे सोडून इशारा द्यायचा असं ठरलं होतं. बेत फुटला. त्या दिवसांत मराठा सरदारांना शांत ठेवलं बाकाबाईने. तीनच वर्षांपूर्वी जिचं घर इंग्रजांनी धुऊन नेलं, तिने.

यावर कादंबरी लिहिते आहे म्हटलं की बहुतेक जण सांगतात, "त्यापेक्षा आप्पासाहेबांवर लिही." त्यांचं म्हणणं मला समजतं. लढाई आहे, वेशांतर आहे, जंगल आहे, परमुलखातलं मरण आहे. आप्पासाहेब कादंबरीत स्वतःच चालत येतात. बाकाबाई येत नाही. ती वाड्यात बसून आहे चाळीस वर्षं, आणि तिचं एक वाक्यही तिच्या तोंडचं म्हणून धडपणे हाती लागत नाही. जे आहे ते दुसऱ्यांनी सांगितलेलं. जेंकिन्सचा अहवाल १८२७ चा, राज्यकर्त्याच्या नजरेचा. काशीराव गुप्त्यांची भोसल्यांची बखर मराठीत आहे खरी, पण तीही रेसिडेंटच्या सांगण्यावरून लिहिली गेली. म्हणजे आपल्या राजांची गोष्ट आपल्या भाषेत, पण ऐकायला समोर कोण बसलंय हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत. बखर वाचताना मला प्रत्येक पानावर तो समोर बसलेला माणूस दिसतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्रकरण माझ्या घरात आणलं माझ्या भाच्याने. तो मिहानमध्ये, नागपूरच्या विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रात, नोकरी करतो. टेबलावरचे कागद, टिपणं, वंशावळीचे तक्ते बघून म्हणाला, "मावशी, हे सगळं हातानं काहून करून राहिली तू? त्याले विचार ना." आणि लॅपटॉपवर ते उघडून दिलं.

त्याचे उपकार मी विसरणार नाही. रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारातली इंग्रजी म्हणजे एकेक वाक्य अर्ध्या पानाचं, कर्ता वर आणि क्रियापद तळाशी. ती वाक्यं सोडवून घ्यायला या यंत्राइतका सोशिक सोबती मला मिळाला नसता. एकाच घटनेचे दोन वृत्तांत समोर ठेवून ते कुठे जुळत नाहीत हे विचारलं की नेमकं बोट ठेवतं. एखाद्या प्रकरणाआधी 'इथे मला काय काय माहीत असायला हवं' असं विचारलं तर अशी यादी देतं की रात्रभर झोप येत नाही. वाड्यात पाणी कुठून यायचं? दिव्याला तेल कोणतं? विधवा राणीला भेटायला आलेला गोरा अधिकारी कुठे बसायचा, आणि मधे पडदा असेल तर दुभाषा पडद्याच्या कोणत्या बाजूला? हे प्रश्न मला आधी सुचले नव्हते, आणि दुभाष्याचा प्रश्न तर आता माझ्या कादंबरीचा एक खांब झालाय.

मग एके संध्याकाळी मी त्याला दरबाराचा प्रसंग लिहायला सांगितला. साल १८१८, बाळराजाचं गादीवर बसणं. लिहिलं झरझर, आणि वाचायला गोडही होतं. पण तो नागपूरचा दरबार नव्हता. पुण्याचा होता. कारंजी शनिवारवाड्यातली, बोलणं पेशवाईतलं, मंत्रोच्चार, पगड्या, सगळं तिकडचं. नागपूरच्या भोसल्यांना गादीवर बसताना टिळा गोंड राजा लावायचा, कारण हे शहर मुळात बख्त बुलंद शाहने वसवलेलं, आणि भोसल्यांनी गोंड राजाचा मान शेवटपर्यंत राखला. त्या दरबारात अरब शिपाई होते, उत्तरेतले पुरबिये होते, तेलंगी बोलणारे होते. यंत्राच्या दरबारात सगळे एकाच नाटकातली मराठी बोलत होते.

भाच्याला विचारलं, असं का? त्याने समजावलं ते मला फार पटलं. हे यंत्र आधीचे शब्द पाहून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज घेत चालतं. तो अंदाज बांधायला ते जे वाचून शिकलंय त्यात मुळात इंग्रजी फार, मराठी थोडी. आणि त्या थोड्या मराठीत इतिहास म्हणजे रायगड, सातारा, पुणे. आपण ज्याबद्दल भरभरून लिहिलं तेच त्याला भरभरून येतं. कटकपर्यंत गेलेल्या, बंगालच्या नवाबाकडून चौथाई वसूल केलेल्या नागपूरकरांवर मराठी कादंबरीने किती पानं खर्च केली? जिथे आमचीच पाटी कोरी, तिथे यंत्राने शेजारच्या पाटीवरचं उतरवून काढलं. त्याच्यावर रागवायला मला तोंड नव्हतं. विदर्भातल्या लिहिणाऱ्यांनी हा कोरेपणा आपला मानला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. २०२५ मध्ये पहिल्या रघुजींची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने विकत घेतली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण रघुजींच्या सुनांची, नातसुनांची, दासींची, कारकुनांची माणसं म्हणून ओळख कोणत्याही लिलावात मिळणार नाही. ती लिहावी लागेल.

दुसरा प्रयोग मात्र मला जास्त हलवून गेला. मी यंत्राला सांगितलं, बाकाबाई फितूर आहे असं धरून तिचं स्वगत लिही. त्याने लिहिलं. सत्तेची चटक लागलेली, आप्पासाहेबांच्या द्वेषाने जळणारी, जेंकिन्सच्या नजरेत स्वतःचं मोठेपण शोधणारी बाई. वाचून अंगावर काटा आला. मग सांगितलं, आता ती शहाणी आहे, घर वाचवायला धडपडते आहे, असं धरून लिही. तेही लिहिलं, तितक्याच आर्ततेने. सीताबर्डीवर पडलेली पोरं तिला आठवतात, पुन्हा तसं होऊ नये म्हणून ती शिव्याशाप ओढवून घेते. पुन्हा काटा आला. दोन्ही कागद शेजारी ठेवून मी बराच वेळ बसले. कुठल्याच कागदात कमी नव्हतं. दोन्ही वकील तयारीचे होते, आणि अशिलाशी दोघांचंही काही देणंघेणं नव्हतं.

इथे मला माझं काम काय आहे ते दिसलं. माझ्या कादंबरीतली बाकाबाई या दोहोंपैकी एक असू शकत नाही, आणि दोघींना अर्धं अर्धं मिसळूनही होणार नाही. १८१६ मध्ये आंधळ्या परसोजींच्या दारावर पहारा बसवणारी, १८१८ मध्ये जेंकिन्सची व्यवस्था स्वीकारणारी, १८५४ मध्ये वाडा पेटवायला निघालेली आणि १८५७ मध्ये सरदारांना घरी बसवणारी बाई एकच होती. एकाच डोक्याने तिने हे चारही निर्णय घेतले. ते डोकं कसं चालत होतं यावर माझा विश्वास बसायला हवा, आणि तो कोणी सांगून बसत नाही. तो त्या कागदांसोबत राहून, एक समजूत मोडून दुसरी बांधून, हळूहळू बसतो. यंत्राला सांगितलेली कोणतीही बाजू ते घेतं, कारण ती घेतल्याने त्याचं काही जात नाही. माझं जातं. मी या शहरात राहते. महालात भोसल्यांचे वंशज राहतात, मारबत घडवणारे हात इथलेच आहेत, आणि उद्या पुस्तक आल्यावर यातला कोणीही मला थांबवून विचारू शकतो, "बाई, हे तुम्ही कशावरून लिहिलं?"

याच प्रश्नाशी तिसरी गोष्ट जोडलेली आहे. एकदा त्या यंत्राने मला बाकाबाईचं एक पत्र दिलं. तारीख होती, दप्तराचा क्रमांक होता, मायना अगदी त्या काळचा. मी दोन रात्री आनंदात होते. मग शोध घेतला. असं पत्र कुठेही नाही. यंत्राने ते रचलं होतं, आणि रचलेलं आहे हे सांगितलं नव्हतं.

भाचा हसला नाही, उलट गंभीर होऊन म्हणाला, "पण मावशी, कादंबरीत तूही रचूनच राहिली ना?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. हो, मीही रचते. माझ्या बाकाबाईची वाक्यं माझी आहेत. पण मी ती कादंबरी या नावाखाली रचते, मुखपृष्ठावर माझं नाव असतं, आणि वाचणाऱ्याला माहीत असतं की इथून पुढे ही बाई सांगते आहे, दप्तर नाही. शिवाय मी रचलेली गोष्ट मला चारशे पानं सांभाळावी लागते. पहिल्या प्रकरणात तिला एक भीती दिली तर शेवटच्या प्रकरणापर्यंत त्या भीतीचा हिशेब द्यावा लागतो. दप्तराचा क्रमांक लावून आलेल्या त्या पत्राला मागे काही नव्हतं आणि पुढेही काही नव्हतं. ते पत्र मी वापरलं असतं, कोणीतरी माझ्या पुस्तकातून उचललं असतं, आणि वीस वर्षांनी ते बाकाबाईचं खरं पत्र म्हणून कुठल्यातरी लेखात छापलं गेलं असतं. मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालण्याची आपल्याकडे आधीच फार सवय आहे. एका बाईला तर आपण तिच्यामागे पुतळाच करून दिलाय.

मला या तंत्राकडून हवं आहे ते वेगळंच. भोसलेकालीन कागद मोडी लिपीत आहेत. मोडी वाचणारी माणसं आता फार थोडी, आणि जी आहेत त्यांचे डोळे थकलेले. घसरत्या मोडीतलं एक पान लावायला मला दिवस जातो, तोही एखादा शब्द सुटलेला ठेवून. जगात इतर लिप्यांची जुनी हस्तलिखितं वाचायला यंत्रं शिकवली जात आहेत. आपल्या मोडीसाठी हे नेटाने झालं, रुमालांत बांधलेली दप्तरं उजेडात आली, तर ज्या बायकांचा आवाज आपण हरवला म्हणतो त्यातल्या एखादीचा आवाज कदाचित खरोखर सापडेल. मला हे यंत्र माझ्याऐवजी लिहायला नको आहे. मला न वाचता येणारं त्याने वाचावं, यासाठी मी वाट बघेन.

कादंबरीतला जो प्रसंग मला सर्वांत जवळचा आहे, तो कसा आला ते सांगते. १८५४ नंतर वाड्यातले हत्ती, उंट, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात काढले गेले आणि कवडीमोलाने विकले गेले. जवाहीर कलकत्त्याला गेलं. तान्हा पोळा दुसऱ्या रघुजींनी सुरू केला, असं नागपुरात मानतात. पोरांच्या हाती लाकडी बैल देणाऱ्या राजाची विधवा, आणि तिच्या गोठ्यातले खरे बैल विकायला उभे. हा प्रसंग लिहायचा म्हणून मी जे जे लिहिलं ते रडकं होत होतं. शेवटी मी बैलबाजारात गेले. तिथे एक म्हातारे शेतकरी आपली जोडी विकत होते. घेणारा आला, दोघांनी हातांवर रुमाल टाकला आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव चालला. तोंडाने एक शब्द नाही. सौदा झाल्यावर मी विचारलं, हे झाकून का करायचं? ते म्हणाले, "भाव दोघांतच राहते, बाई. विकणाऱ्याची लाज राहते."

घरी येईपर्यंत माझं प्रकरण उभं राहिलं होतं. बाकाबाईच्या मुलखात जनावराचा भाव रुमालाखाली ठरत आला. इंग्रजांच्या लिलावात तो ओरडून पुकारला जातो, आणि चढत नाही. माझ्या कादंबरीत ती वाड्यात बसलेली आहे, लिलाव तिला दिसत नाही, आणि एक नोकर सीताबर्डीहून येऊन आकडे सांगतो आहे. प्रत्येक जनावराचं नाव आणि मोठ्याने पुकारलेली त्याची किंमत. वाडा पेटवीन म्हणणारी ती हीच बाई, हे मला त्या क्षणी पटलं. यंत्राला मी हे विचारू शकले नसते, कारण काय विचारायचं तेच मला रुमाल बघेपर्यंत माहीत नव्हतं.

तो वाडा बाकाबाई गेल्यावर, १८६४ मध्ये, खरंच जळाला. काळ्या दगडाचा आणि लाकडी कोरीवकामाचा होता म्हणतात. नगारखाना तेवढा उरला. महालात गेले की मी त्याच्यासमोर थांबते आणि किती मोठं घर असेल याचा अंदाज घेते. शेवटच्या प्रकरणात वाडा जळतो, पण ते मी अजून लिहिलेलं नाही.

सध्या हातात जून १८५७ आहे. मराठा सरदार बाकाबाईला विचारायला आलेत, आम्ही काय करायचं? ती काय बोलली याची नोंद नाही. यंत्राने मला यासाठी अनेक भाषणं सुचवली, त्यात रयतेची काळजी होती, रक्तपाताची भीती होती. मी ती सगळी बाजूला ठेवली. माझी बाकाबाई भाषण करत नाही. ती समोरच्या तरुण सरदाराला एवढंच विचारते, "सीताबर्डीच्या लिलावात तू काय घेतलंस?" तो खाली बघतो, कारण त्याने घोडा घेतलेला असतो, आणि त्याच घोड्यावर बसून तो आलेला असतो.

हे पान मी महालातल्या एका जुन्या जाणत्या आजोबांना वाचायला दिलं होतं. या शहराच्या जुन्या घरांची माहिती त्यांच्याइतकी मला दुसऱ्या कोणाकडे मिळालेली नाही. त्यांनी दोनदा वाचलं आणि सरदाराच्या आडनावाखाली पेन्सिलीने रेघ मारली. "या नावाची माणसं अजून इथं राहतात, बाई. त्यांच्या पणजोबानं घोडा घेतला का नाही, कोणाले माहीत नाही. आणि तुम्ही तर लिहून मोकळ्या होऊन राहिल्या." मी वाद घातला नाही. आडनाव बदलते आहे, प्रश्न तसाच ठेवून, आणि नवं पान लिहून झालं की पुन्हा त्यांच्याकडे घेऊन जाणार आहे.